पंधरा फुटी काठी

“काठी किती फुटी होती?” हवालदारांनी विचारलं.

धुळ्यातल्या दवाखान्यात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डाबाहेर एका बाकड्यावर आम्ही दोघं बसलो होतो. आत माझे दाजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागेल की कोपरापासून, यावर डॉक्टरांचं बोलणं चाललं होतं.

“पंधरा,” मी म्हणालो.

“बांबूची?”

“नाही. कार्बनची.”

“म्हणजे कशाची?”

“शिसपेन्सिलीत असतो ना, तसल्याची.”

हवालदारांनी थोडा विचार करून ‘धातूसारखी’ असं लिहिलं. मग माझी सही घेतली आणि ते गेले. ती काठी कोणी निवडली, तिची लांबी कोणी ठरवली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावत होतो. ते खोटं आहे. मी सांगितलं नसतं.

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी पाचवीत होतो. तिचं सासर चोपडा तालुक्यात, तापीच्या थडीवरचं गाव. दहावीनंतर मी दोन वर्षं तिच्याकडे राहूनच चोपड्याच्या कॉलेजला गेलो. ती पहाटे उठून मला डबा करून द्यायची आणि दाजी सायकलवर डबलसीट बसवून एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायचे. सुट्टीच्या दिवशी ते मला नदीवर न्यायचे. मासे धरायला मला त्यांनीच शिकवलं. आता धुळ्यातल्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक आहे, तो त्या दोन वर्षांच्या जिवावर. या माणसांचं माझ्यावर काय आहे ते सांगून संपणार नाही.

दाजींची मासे धरायची रीत साधी होती. पोळ्यानंतर थडीवरच्या गवतात नाकतोडे माजतात. त्यातला एक हिरवा नाकतोडा गळाला लावायचा आणि काठीच्या टोकाने त्याला पाण्यावर नुसतं टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. पाण्यात पडलेला नाकतोडा पाय झाडतो तसं ते दिसलं पाहिजे. खालून मरळ येते आणि तोंड उघडून त्याला ओढून नेते. काठी बांबूची, आठ फुटांची. पेरं जवळजवळ असलेला बांबू ते निवडून आणायचे आणि सरळ व्हावा म्हणून टोकाला दगड बांधून दारातल्या निंबाला महिनाभर टांगून ठेवायचे. नदीवर गेल्यावर गळ टाकण्याआधी ते मान वर करून चारी बाजूंना बघायचे. ते पावसाचा अंदाज घेतात, असं मला तेव्हा वाटायचं.

आता माझं शहाणपण सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी मला मोबाइलवर परदेशातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. तिकडे पिसांची खोटी माशी करून तिच्यावर मासे धरतात, त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. मी दाजींचा नाकतोडा आठवून उडालोच. म्हटलं, आमचे दाजी हेच तर करतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नाही! मग काठीच्या लांबीचं शास्त्र माझ्या डोक्यात शिरलं. लहान ओढ्याला सहा-सात फूट, मध्यम नदीला नऊ, मोठ्या जलाशयाला दहा आणि त्याहून जास्त. मी वहीत तक्ता केला. रोज संध्याकाळी दाजींना फोन करून मी त्यांना त्यांचाच धंदा शिकवायला लागलो.

“शालकबुवा,” ते हसायचे, “मासा कितला फूट शे, ते तरी इचार पयले.”

“दाजी, चेष्टा नको. तापीचं पात्र केवढं, तुमची काठी केवढी!”

“पानी देखीसन काठी लेवानी नही. थडी देखीसन लेवानी.”

पाणी बघून काठी घ्यायची नाही, काठ बघून घ्यायची. हे वाक्य त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल. मी ते खेडवळ चिकटपणाच्या खात्यावर टाकून दिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तरी बरं झालं असतं.

पण नुसत्या हौसेपायी मी ती काठी घेतली नाही, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी स्वतःवर उगाच जास्त अन्याय करीन. थडीला जलपर्णी वाढली होती. काठापासून सहा-सात फूट हिरवा गालिचा आणि मरळ त्याच्या पलीकडे. आठ फुटी काठीने नाकतोडा पलीकडे जेमतेम पोचायचा, म्हणून दाजी गुडघाभर पाण्यात उतरायला लागले. एकदा गाळात पाय रुतून ते पडले आणि शेजारच्या शेतातल्या माणसाने त्यांना ओढून काढलं. अक्काने मला फोन केला.

“तुनं ते ऐकतस,” ती म्हणाली. “त्यास्ले पानीमा उतरू देऊ नको. काही तरी कर.”

मी काही तरी केलं. पंधरा फुटी काठी मागवली. काळी, चकचकीत, एकात एक सरकणारी, मिटली की पिशवीत मावणारी. काठावर कोरड्या जागी उभं राहून दाजी गालिच्याच्या पार पलीकडे नाकतोडा टेकवतील. काठीची लांबी अक्काच्या काळजीने ठरवली होती, असं म्हटलं तरी चालेल.

काठीच्या बुडाशी, मूठ धरायच्या जागी, एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं आणि एक चित्र. हातात काठी घेतलेला माणूस, वर तार आणि मध्ये विजेचा बाण. तिच्या अर्ध्यावर किमतीची चिठ्ठी चढवलेली होती. किंमत दाजींना दिसू नये म्हणून मी दोन्ही चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या आणि उरलेला डिंक खोबरेल तेलाने पुसला. चित्र मी पाहिलं होतं. पाहिलं आणि मनात म्हणालो, परदेशी कंपन्या, कशाचीही सूचना चिकटवतात. आणि असंही म्हणालो की दाजींना कुठे इंग्रजी येतं.

मी दरवर्षी नववीच्या मुलांसमोर एक प्रयोग मांडतो. एक सेल, एक बल्ब, दोन वायरी आणि मध्ये पेन्सिलीतलं शिसं. बल्ब लागतो. मुलं ‘आ’ करतात. कार्बनच्या या रूपातून वीज वाहते, असं सर फळ्यावर लिहितात आणि मी शिसं पुसून डब्यात ठेवतो. किती वर्षं हे करतोय. चिठ्ठी खरवडताना मला तो बल्ब आठवला नाही.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी मी काठी घेऊन गावी गेलो. दाजींनी ती अंगणात उलगडली तेव्हा टोक शेजारच्या पत्र्यावर गेलं. ते खूश झाले, खोटं कशाला बोलू. अक्काने काठीला हळदकुंकू लावलं आणि आम्ही दोघं सकाळीच नदीवर गेलो.

नेहमीच्या जागी बाभळी होत्या. तिथे पंधरा फूट काठी उलगडायची सोयच नव्हती, ती फांद्यांत अडकायची. लांब काठीला मोकळी जागा लागते, आणि थडीवर मोकळी जागा एकच होती. नदीवरच्या पाण्याच्या मोटारींसाठी आलेली विजेची मोठी लाईन जिथून ट्रान्सफॉर्मरच्या डीपीकडे जाते, तिच्याखालची. तिथल्या बाभळी दरवर्षी तोडतात म्हणून ती मोकळी. पुराच्या गाळाने तिथे उंचवटाही तयार झाला होता, उभं राहायला झकास. तिकडे जायचं मीच सुचवलं.

दाजींनी मान वर करून पाहिलं. सवय होती ती. तारा बघितल्या, जरा थांबले.

“रातनी लाईट शे हाई आठवडामा,” ते म्हणाले. “आते तारमा काही नही.”

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वेळापत्रकावर माणसं मोटारी चालवतात, झोपतात, लग्नाच्या तारखासुद्धा धरतात. तार जिवंत आहे की मेलेली, हे आम्ही तारेकडे बघून ठरवत नाही, आठवडा कोणता आहे त्यावरून ठरवतो. आदल्या रात्री काहीतरी बिघाड होऊन लाईट आलीच नव्हती आणि तिच्या बदल्यात ती त्या सकाळी सोडली होती, हे आम्हाला नंतर कळलं. दिवसा पाणी भरता आलं म्हणून केळीच्या बागावाले खूश झाले असतील.

तिसऱ्या-चौथ्या वेळेला मरळ लागली. मोठी होती. आखूड काठी असली की माणूस मासा लागल्यावर मागे सरतो, काठी आडवी ठेवून ओढतो. लांब काठीचं तसं नसतं, ती वर उचलावी लागते. हे मी व्हिडिओत पाहिलं होतं आणि मी ओरडलो, “वर घ्या दाजी, वर!”

त्यांनी वर घेतली.

ट्यूबलाइट फुटावी तसा आवाज झाला. बाकीचं मी लिहीत नाही.

उजवा हात कोपराच्या खालून गेला. डाव्या पायाची दोन बोटं गेली. दाजी दीड महिना दवाखान्यात होते आणि मी रोज शाळा सुटल्यावर तिथे जात होतो. अक्का वॉर्डाबाहेर सतरंजीवर राहत होती. भेटायला गावाकडची माणसं यायची, आणि तिथेच मी पहिल्यांदा तिचं ते बोलणं ऐकलं.

“मना भाऊनी लांब काठी दिन्ही, म्हनीसन हाऊ माणूस वाचना,” लांब काठीमुळेच माणूस वाचला, असं ती सगळ्यांना सांगत होती. काठी आखूड असती तर तार छातीशी आली असती. लांब होती म्हणून करंट येता येता कमी झाला आणि हातावर भागलं. हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. ऐकणारे माना डोलवत होते. एका म्हातारीने तर माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आखूड काठी तारेपर्यंत पोचलीच नसती, हे तिथे कोणालाच सुचलं नाही. दुःखात माणूस काडीचा आधार शोधतो, आणि अक्काने नेमका माझा शोधला. मी गप्प बसलो. पहिल्या दिवशी वाटलं, आज नको, तिची अवस्था बघ. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. मग मला त्या कौतुकाची लाज वाटेनाशी झाली, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. ती मला घरून आलेल्या डब्यातली पहिली भाकर वाढायची आणि मी खायचो.

दाजींना सगळं माहीत होतं. जागा मी सुचवली, ओरडलो मी. ते डोळे मिटून पडून असायचे. मी ओरडलो होतो हे त्यांनी अक्काला कधीही सांगितलं नाही. चिठ्ठीचं मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर त्यांना घरी सोडलं. भाऊबीजेला मी गेलो. अक्काने पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. दाजी खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. अक्का ताट घेऊन आली, त्यात निरांजन, सुपारी, अक्षता. आणि ती दाजींकडे बघून म्हणाली, “दरसाल मी याले लंबं आयुष्य मांगस. औंदा यानीच माले दिन्हं.”

माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, “अक्का, थांब.”

आणि सांगितलं. आखूड काठी तारेला लागलीच नसती, तेही. वर घ्या म्हणून मी ओरडलो, तेही. शेवटी चिठ्ठीचं सांगितलं. ती ताट धरून उभी होती. तिचा चेहरा बदलला नाही. मी थांबल्यावर तिने एकच विचारलं.

“चित्रमा काय व्हतं?”

“माणूस. हातात काठी. वर तार.”

“माणूस व्हता?”

“हो.”

“आमले इंग्रजी येत नही,” ती म्हणाली. “चित्र समजस.”

तिने ताट पाटासमोर जमिनीवर ठेवलं आणि ती आत गेली. निरांजन जळत राहिलं. मी तसाच कपाळ कोरं घेऊन बसलो. थोड्या वेळाने दाजी म्हणाले, “जेवी ले.” मी जेवलो नाही. ते डाव्या हाताने जेवायला लागले, वरण सदऱ्यावर सांडलं, आणि पुसायला अक्का बाहेर आली नाही. दुपारच्या एसटीने मी धुळ्याला परत आलो.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष आमच्यात बोलणं नव्हतं. मी चार-पाच वेळा फोन केला, तिने उचलला नाही. पुढच्या भाऊबीजेला मी सकाळपासून कपडे करून बसलो होतो. बोलावणं आलं नाही आणि न बोलावता जायचं धाडस मला झालं नाही. बायको म्हणाली, सांगितलंत कशाला, तिच्या मनाला तेवढाच आधार होता. खरं असेल. पण ती पहिली भाकर माझ्या घशाखाली आणखी किती दिवस उतरली असती?

मागच्या संक्रांतीनंतर एका रविवारी दाजींचा फोन आला.

“शालकबुवा, डावा हातले कितली फूट काठी लागी?”

मी मूर्खासारखं म्हणालो, “सात.”

“तठेथीन कसं सांगस? थडी देखी का? ये आधी.”

“अक्काला विचारलं का?”

“फोन तिनीच लायी दिन्हा,” ते म्हणाले. “बोलनी काही नही. लायी दिन्हा फक्त.”

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो. जाताना धुळ्यातून बारीक पेरांचा एक बांबू आणि एक छोटी करवत घेतली. अक्काने पाणी दिलं. आम्ही नदीकडे निघालो तेव्हा तिने पायात चपला घातल्या आणि मागून यायला लागली. इतक्या वर्षांत ती कधी मासे धरायला आली नव्हती.

आम्ही तारांच्या बाजूला गेलो नाही. बाभळींखाली, जुन्या जागी गेलो. तिथून लाईन दूर, बरीच दूर होती. तरी मी आधी वर पाहिलं, दाजींनी पाहिलं, आणि मग बघतो तर अक्काही मान वर करून उभी. पाण्याकडे तिने बघितलंच नाही. जलपर्णी तशीच होती, काठापासून सहा-सात फूट.

मी बांबू सात फुटांवर कापला. दाजींनी बूड डाव्या काखेत दाबून तो उचलून पाहिला. त्यांना तो पेलत होता. त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं.

“आखो काप,” अक्का म्हणाली. आणखी काप.

तेवढेच दोन शब्द. सव्वा वर्षानंतरचे. मी दाजींकडे पाहिलं, ते पाण्याकडे बघत होते. मी फूटभर कापला.

“आखो.”

आणखी फूटभर कापला. आता काठी जलपर्णीच्या पलीकडे पोचणार नव्हती. एवढ्या काठीला तिथे मासा लागत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दाजींनी तो तुकडा हातात घेतला, उभा धरून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

अक्का अजून वरच बघत होती.

“आखो,” ती म्हणाली.

मी करवत लावली.